ओलावा सेन्सर गप्प झाला तर: शेतातील वायरलेस जाळ्याचे संरक्षण

रसायनी, खालापूर, कर्जत पट्ट्यात खरीप भात पावसावर निघतो. तेव्हा सेन्सर चार दिवस बंद राहिला तरी फारसे बिघडत नाही. एप्रिल-मेमधील पॉलिहाऊसचे तसे नाही. कोकोपीटला दिवसातून अनेकदा पाणी लागते. ठिबकचा व्हॉल्व्ह सेन्सरच्या आकड्यावर चालत असेल, तर एका दुपारी निरोप अडला तरी रोपे माना टाकतात. असा निरोप मुद्दाम अडवण्याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवा ठप्प करणारा हल्ला म्हणतात. यात माहिती चोरीला जात नाही, ती फक्त पोहोचत नाही.

हल्ला कसा होतो

लोरा सेन्सर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालतात. हा पट्टा सर्वांचा आहे. खालापूर टोलनाक्यावर फास्टॅग वाचणारी यंत्रेही यातलीच. त्यामुळे जवळच्या यंत्राचा अडथळा नकळत येऊ शकतो, तसा जॅमर लावून कोणी मुद्दामही आणू शकतो.

दुसरा मारा बॅटरीवर असतो. नोड बहुतेक वेळ झोपलेला असतो, म्हणूनच बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. त्याला सतत जागे ठेवले की ती लवकर संपते. पोच मागणाऱ्या निरोपांना पोच मिळाली नाही, तर नोड तेच पुन्हा पाठवतो. म्हणून रोजच्या नोंदी बिनपोच ठेवाव्यात, पोच फक्त धोक्याच्या सूचनेला.

गेटवेचा कंपनीने दिलेला पासवर्ड बसवल्या दिवशीच बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ने असेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती.

व्हॉल्व्हची काळजी आधी

बॅटरीवरचे लॅचिंग व्हॉल्व्ह संपर्क तुटला की आहे त्याच स्थितीत राहतात. उघडा राहिला तर टाकी रिकामी, बंद राहिला तर पीक उन्हात. त्यामुळे जास्तीत जास्त किती मिनिटे उघडे राहायचे ही मर्यादा व्हॉल्व्हच्या नोडमध्येच घालून घ्या. निरोप ठरावीक वेळ आला नाही, तर पाणी घड्याळानुसार सुटेल अशी सोय कंट्रोलरमध्ये हवी. विक्रेता ‘सगळे मोबाईलवरून होते’ म्हणाला, तर मोबाईल नसताना काय होते ते त्याच्याकडून करून दाखवून घ्या.

बिघाड की हल्ला?

बहुतेक वेळा हल्ला नसतोच. एकच नोड गप्प असेल तर बॅटरी, गंज किंवा उंदराने कुरतडलेली वायर पाहा. सगळे एकदम गप्प झाले तर गेटवेची वीज आणि सिम तपासा. गेटवे चालू असूनही निरोप येत नसतील, तर एक नोड त्याच्याजवळ नेऊन ठेवा. जवळून निरोप येतो, नेहमीच्या जागेवरून मात्र येत नाही, असे दिसले तर अँटेना किंवा बाहेरचा अडथळा समजावा. तोवर कोकोपीट मुठीत दाबून ओल पाहा आणि पाणी हाताने सोडा.

खासगी व्यक्तीने जॅमर वापरणे बेकायदा आहे. संशय असल्यास निरोप बंद पडल्याच्या वेळा लिहून ठेवा आणि पोलिसांकडे तक्रार द्या. रेडिओ अडथळ्यांची तपासणी दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग यंत्रणा करते.