मेरुदंड आणि श्वास

एखाद्या माणसाचा धीर पार खचला म्हणजे त्याचा कणा मोडला असें मराठींत म्हणतात, आणि कामाचा रेटा वाढला म्हणजे श्वास घेण्यास उसंत नाहीं असें प्रत्येक घरांत ऐकूं येतें. बोलण्याच्या ओघांत हे दोन शब्द वेगवेगळे येतात. परंतु कणा आणि श्वास यांचा एकमेकांशीं संबंध काय, पाठ वांकत असतांना श्वासानें काय करावें, हा प्रश्न योगविद्येंत फार जुना आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्याचा विसाव्या शतकांतील इतिहास बराचसा महाराष्ट्राच्याच भूमीवर घडलेला आहे.

प्राचीन ग्रंथांकडे पाहिलें तर प्रथम आश्चर्य वाटतें. पतंजलींनीं आसनाविषयीं अगदीं मोजकें सांगितलें. तें स्थिर असावें, सुखकर असावें, आणि तें साधल्यावर प्राणायामाकडे वळावें. येथें आसन म्हणजे बसण्याची रीत. पाठ वांकविण्याचा व्यायाम नव्हे. पुढें अनेक शतकांनीं स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेंत पंधरा आसनें आलीं आणि घेरंडसंहितेंत बत्तीस. त्यांत पश्चिमतान, मत्स्येंद्र, धनुरासन, भुजंगासन अशीं कण्याला पुढें, मागें व पीळ देऊन फिरविणारीं आसनें आहेत. प्राणायामाचे प्रकारहि या ग्रंथांत तपशिलानें वर्णिले आहेत. श्वास चंचल असला कीं चित्तहि चंचल होतें, हा तर हठयोगाचा पायाच होय. परंतु कणा वांकत असतांना श्वास आंत घ्यावा कीं बाहेर सोडावा, याविषयीं हे ग्रंथ जवळजवळ मौन पाळतात. तें ज्ञान गुरूनें शिष्याला समोर बसवून द्यावयाचें होतें. जोंवर एक गुरु आणि एक शिष्य अशी व्यवस्था होती, तोंवर हें मौन कोणाला अडचणीचें वाटलें नसावें.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां या दोहोंचें नातें अगदीं उघड आहे. मेरुदंडांत एकंदर तेहतीस मणके असतात. मानेचे सात, पाठीचे बारा, कंबरेचे पांच. त्याखालचे पांच व माकडहाडाचे चार मोठेपणीं एकमेकांस सांधले जातात. पाठीच्या बारा मणक्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या बिजागरीप्रमाणें जोडलेल्या आहेत. छाती व पोट यांमधील पडद्याचे स्नायू तर मागील बाजूस कंबरेच्या वरच्या मणक्यांनाच जखडलेले असतात. त्यामुळें श्वास आंत घेतांना बरगड्या उचलल्या जातात व पाठीचा भाग किंचित् सरळ होतो. श्वास सोडतांना छाती बसते आणि पुढें वांकणें सुलभ जातें. मागें वांकतांना पूरक व पुढें वांकतांना रेचक, ही अनेक शिक्षकांची रीत या रचनेशीं जुळणारी आहे. उलट छाती भरून घेऊन पुढें वांकूं लागल्यास पोटावरील दाब वाढतो, आणि शरीर आपणच विरोध करूं लागतें. कंबरेचे मणके पुढेंमागें चांगले वांकतात, पण पीळ फारच थोडा घेतात. पीळ घेण्याचें काम मुख्यतः मान आणि पाठ यांचें. ज्या शिक्षकास हें ठाऊक नसतें, तो शिष्याच्या कंबरेकडून भलतीच अपेक्षा करतो.

गुरुशिष्यांची जुनी व्यवस्था मोडून हा विषय शाळेच्या पटांगणांत आला, तो प्रथम सूर्यनमस्काराच्या रूपानें. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आरंभीं कांहीं वर्षें युरोपांतील प्रसिद्ध मल्ल सँडो याच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. पुढें तो सोडून ते नमस्कारांकडे वळले, त्यांचा आपल्या संस्थानांतील शाळांमध्यें प्रसार केला आणि त्यावर मराठींत व इंग्रजींत लेखन केलें. नमस्कारांत कणा एकदां पुढें व एकदां मागें असा आलटूनपालटून वांकतो; त्याबरोबर श्वास घेण्याच्या, रोखण्याच्या व सोडण्याच्या सूचना आणि बीजमंत्रांचा उच्चार. एका सुरांत शेंकडों मुलांकडून करवून घेण्यासारखी ही योजना होती. मात्र तींतूनच नवी अडचण निघाली. तालाची आज्ञा सर्वांना एक असते. श्वासाची लांबी प्रत्येकाची वेगळी असते.

या प्रश्नाला प्रयोगशाळेंत नेण्याचें श्रेय स्वामी कुवलयानंद यांच्याकडे जातें. त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ सालीं डभोई येथें त्यांचा जन्म झाला. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या हाताखालीं ते व्यायाम शिकले. अमळनेरास त्यांनीं अध्यापन केलें. पुढें नर्मदाकांठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याजवळ त्यांनीं योगाचे धडे घेतले. आखाडा, वर्ग आणि आश्रम या तिन्ही ठिकाणचें शिक्षण एका माणसांत एकवटलें, ही गोष्ट त्यांचें पुढील कार्य समजण्यास फार उपयोगी आहे.

उड्डियान आणि नौलि या क्रियांविषयीं त्यांना कुतूहल होतें. संपूर्ण श्वास सोडून, कंठ बंद ठेवून, श्वास घेतल्याप्रमाणें छाती उचलली म्हणजे मधला पडदा वर ओढला जातो आणि पोट कण्याकडे खोल जातें. या वेळीं आंत काय घडतें, हें पाहण्यासाठीं त्यांनीं बडोद्यास क्षकिरणांच्या साहाय्यानें परीक्षा केल्या. पुढें दाब मोजण्याच्या यंत्रानें असें दिसून आलें कीं नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेपेक्षां कमी होतो. बस्तिक्रियेंत पाणी वर कसें चढतें, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यायोगें झाला. या निर्वाताला त्यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ माधवदास निर्वात असें नांव दिलें. गुरूविषयींची भक्ति आणि यंत्रावरचा विश्वास यांत त्यांना विरोध दिसला नाहीं.

१९२४ सालीं लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम स्थापन केलें, आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू झालें. आसनांच्या त्यांच्या वर्णनांत कण्याचा विचार वारंवार येतो. भुजंगासनांत मान प्रथम उचलावी आणि मग एकेक मणका क्रमानें मागें वळत जावा. झटका कोठेंहि नसावा, ही त्यांची शिकवण होती. श्वासाच्या बाबतींत तर त्यांनीं एका लोकप्रिय समजुतीलाच हात घातला. प्राणायामानें शरीरास पुष्कळ प्राणवायु मिळतो व म्हणून तो हितकर, असें पुष्कळांना वाटे. मराठींत ऑक्सिजनलाच प्राणवायु म्हणत असल्यानें हा समज अधिकच दृढ झाला असल्यास नवल नाहीं. कुवलयानंदांनीं प्राणायामाचें मुख्य महत्त्व या वायूच्या सांठ्यांत मानलें नाहीं. शरीरांतील दाबांचे फेरफार आणि मज्जासंस्थेवर होणारा संस्कार यांकडे त्यांनीं लक्ष वेधलें. योगाचा कैवार घेणाऱ्या माणसानें योगाच्या बाजूचाच एक सोईस्कर युक्तिवाद बाजूस सारावा, याला धैर्य लागतें.

याच सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यांत तिरुमलै कृष्णमाचार्य वेगळें उत्तर सिद्ध करीत होते. १९३४ सालीं त्यांचा ‘योगमकरंद’ हा ग्रंथ कन्नडमध्यें प्रसिद्ध झाला. त्यांच्या पद्धतींत प्रत्येक हालचालीला श्वासाची जोड होती. हात उचलतांना पूरक, वांकतांना रेचक. तरुण मुलांच्या वर्गांत त्यांची शिस्त कडक असे. पुढें मद्रासेंत राहून त्यांनीं एकेका माणसाला शिकविलें, तेव्हां त्याच्या श्वासाची लांबी पाहून हालचाल बेतण्यावर भर दिला. म्हणजे वर्गाकडून ते पुन्हा व्यक्तीकडे वळले.

त्यांचेच मेहुणे व शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ सालीं पुण्यास आले. लहानपणीं क्षयानें व हिंवतापानें जर्जर झालेला हा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतांनाच शिक्षक झाला. १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथांत आसनांत स्थिर असतांना श्वास स्वाभाविक ठेवण्यास सांगितलें आहे. कणा ताठ राहूं लागल्यावांचून प्राणायामास हात घालूं नये, असा त्यांचा कटाक्ष होता. गुरु श्वासाच्या मागोमाग हालचाल नेत असे. शिष्य आधीं हाडें व स्नायू योग्य जागीं आणून मग श्वासाला मोकळें करी. घराणें एक, आणि रीति दोन.

या सर्वांत बरोबर कोण, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. परंतु औंधचें पटांगण, लोणावळ्याची प्रयोगशाळा, म्हैसूरचा राजवाडा आणि पुण्याची शिकवणी यांच्यापुढील अडचणीच निराळ्या होत्या. कोणापुढें शेंकडों निरोगी मुलें होतीं, तर कोणापुढें आजारानें वांकलेला एकटा गृहस्थ. एका गोष्टीवर मात्र या साऱ्या रीति येऊन मिळतात. श्वास अडखळला, तोंड लाल झालें, दांत आवळले गेले, म्हणजे कणा आपल्या शक्तीबाहेर ओढला जात आहे. ही खूण ओळखण्यास क्षकिरण लागत नाहींत. शिकविणाऱ्याचे डोळे लागतात.

पूर्वीं हा विषय गुरुमुखांतच राही, तेव्हां तो थोड्यांना मिळे, पण समोरच्या शरीराकडे पाहून मिळे. आतां तो घरोघर पोंचला आहे, ही थोर गोष्ट होय. मात्र तो आज्ञेच्या रूपानें पोंचला आणि पाहणें मागें राहिलें, तर ज्या मौनांत जुन्या ग्रंथकारांनीं तें ज्ञान जपून ठेविलें, तें मौन मोडल्याचा लाभ अर्धाच झाला असें म्हणावें लागेल.