जुने यंत्र सुधारावे की बदलावे?



गावच्या शाळेत एक संगणक असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी आलेला. सकाळी बटण दाबावे, मुलांची प्रार्थना आटोपावी, हजेरी घ्यावी, तरी पडद्यावर तो आपला फिरतोच आहे! शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, मुलांची माहिती शासनाला पाठवायची असते, आणि शेवटची तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही. मग गुरुजी दर्यापूरला नाही तर बाळापूरला जाऊन, पदरचे पैसे मोडून काम करून आणतात. शाळेला मिळणारे अनुदान थोडे. त्यातच खडू, त्यातच विजेचे बिल. अशा वेळी कोणी म्हणतो, भंगारात द्या, नवा घ्या. कोणी म्हणतो, दोन भाग बदला, धावू लागेल. ऐकावे कोणाचे?

हा प्रश्न नवा वाटतो खरा. पण आपल्या वऱ्हाडाने तो पूर्वी लोखंडात आणि वाफेत पाहिलेला आहे. तोच इतिहास आधी पाहू.

१८६७ साली मुंबईकडून भुसावळमार्गे येणारी लोहमार्गाची मुख्य वाट अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला. पण आतल्या गावांचा माल मुख्य मार्गापर्यंत आणायचा कसा? म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात मूर्तिजापूरहून एक अरुंद रुळांची वाट अचलपूरकडे आणि दुसरी यवतमाळकडे गेली. दोन रुळांमध्ये अंतर अवघे अडीच फूट. हीच आपली 'शकुंतला'. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. सत्तर वर्षे त्या यंत्राने चाकरी केली.

आता पाहा. नवे इंजिन आले, कोळसा-पाण्याची यातायात संपली. मग गाडी वाऱ्यासारखी धावू लागली का? नाही. रूळ जुने, पूल जुने, स्लीपर जुने. गाडीने किती वेगाने जावे हे ज्या रुळांच्या हाती, ते होते तसेच राहिले. गाडी रमतगमतच चालली, आणि पुढे तिच्या फेऱ्याही थांबल्या. इंजिन बदलणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण अडचण जिथे होती तिथे पैसा गेला नाही, एवढे मात्र खरे.

हेच सूत्र घेऊन आता शाळेतल्या संगणकाकडे वळू.

संगणक हे एक यंत्र नव्हे, अनेक यंत्रांची जोडणी आहे. आपली बैलबंडीच घ्या ना. चाकाची धाव झिजली तर आपण धाव बदलतो, जू मोडले तर जू बदलतो. त्यासाठी कोणी अख्खी बंडी विकत नाही. संगणकात ही सोय सर्रास झाली ती १९८१ सालापासून. त्या वर्षी अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. घाई असल्यामुळे तिने बरेचसे भाग बाहेरच्यांकडून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आत जादा पाट्या खोचण्यासाठी खाचा ठेवल्या, आणि यंत्राची तांत्रिक माहितीही छापून प्रसिद्ध केली. मग इतरांनी तसेच संगणक आणि त्यात बसणारे सुटे भाग बनवायला सुरुवात केली. आज अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या दुकानात जाऊन तुम्ही एक भाग तेवढा मागू शकता, त्याचे मूळ हे असे आहे.

भाग बदलता येतात, मग यंत्र म्हातारे का होते? बहुतेक वेळा ते झिजत नाही. त्याच्यावरचे ओझे वाढते. हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा तिला किमान ६४ मेगाबाइट मेमरी पुरत असे. २००९ च्या विंडोज ७ ला १ गिगाबाइट लागली, म्हणजे सोळापट. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट. वीस वर्षांत चौसष्टपट भूक! बैल तेच, बंडी तीच, आणि पोती मात्र वाढतच गेली.

दुसरी अडचण हार्ड डिस्कची. फिरत्या तबकडीवर माहिती साठवण्याचे पहिले व्यापारी यंत्र १९५६ साली आयबीएमनेच आणले. तेव्हापासून तत्त्व तेच: तबकडी फिरते, आणि एक सूक्ष्म हात इकडून तिकडे सरकत माहिती शोधतो. एसएसडी नावाच्या नव्या साठवणीत फिरणारे काहीच नाही, त्यामुळे शोधाशोधीचा वेळ जवळजवळ उरत नाही. जुन्या संगणकात तबकडीच्या जागी एसएसडी बसवली की पाच मिनिटांनी उघडणारे यंत्र पुष्कळदा अर्ध्या-एक मिनिटात उघडते.

म्हणून पैसे काढण्याआधी रूळ कुठे अडले ते पाहावे. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी आहे. आपले नेहमीचे काम चालू ठेवून ती उघडा. डिस्कचा आकडा सारखा शंभर टक्क्यांना टेकत असेल तर एसएसडी घ्या. मेमरी भरून वाहत असेल तर मेमरी वाढवा. शाळेच्या कामाला ८ गिगाबाइट पुष्कळ झाली. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल, तर मात्र नव्याचा विचार करणे बरे, कारण प्रोसेसर बदलायचा तर बहुधा मदरबोर्डही बदलावा लागतो. मेमरी घेताना डीडीआर३ की डीडीआर४ हे पाहून घ्या. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही.

तिसरी गोष्ट तारखेची. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले की मुलांची माहिती, बँकेचा व्यवहार धोक्यात येतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तो नसेल तर? तर लिनक्सचा मार्ग आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा पाया घातला. ते फुकट मिळते, आणि आपल्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय भाषांची आवृत्तीही केलेली आहे. मात्र आपला प्रिंटर त्यावर चालतो का, आणि जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी कागद नीट दिसतात का, हे आधी तपासा. तसे कागद युनिकोडमध्ये करून ठेवले तर पुढची चिंता मिटेल.

आता खर्चाचा हिशेब. माझे मत असे की, सुधारणेचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल आणि त्यातून तीन वर्षे काम निभणार असेल, तर सुधारणा करावी. निम्म्याच्या वर जात असेल तर थांबावे आणि पैसे साठवावे. एसएसडीचे एक बरे असते. पुढे नवा संगणक घेतला तरी ती बहुधा त्यात वापरता येते. तो पैसा वाया जात नाही.

आणि एक पैसाही खर्च करण्यापूर्वी दोन कामे करा. पहिले, सगळ्या माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवा. डिस्क गेली तर पैशाने नवी मिळेल, दाखलखारिजाची नोंद मिळणार नाही. दुसरे, पेटी उघडून धूळ काढा. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. रोज तारीख चुकत असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा छोटा सेल बदला. तो स्वस्तात येतो. कित्येक संगणकांचे दुखणे एवढ्यावरच बरे होते.

हे शिक्षकांनी एकट्याने करू नये. वरच्या वर्गातली चार मुले जवळ बसवा. वीजजोड काढून पेटी उघडा, प्रत्येक भाग दाखवा, आकडे फळ्यावर लिहा, दुकानाचे दर मांडा आणि निर्णय त्यांच्यासमोर घ्या. घरी बापाने जुना पंप दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न उद्या त्यांच्यापुढे येणारच आहे. तेव्हा ती मुले आधी विचारतील, नेमके अडले कुठे?