लोहित : एका मराठी फॉन्टचे दोन परवाने

१/ गोंदिया जिल्ह्यातील केशोरीत कोणी ‘लोहित’ फॉन्टमध्ये अर्ज लिहिला, तर त्यावर हक्क कोणाचा? अर्जदाराचा की फॉन्टकर्त्याचा? प्रश्न विचित्र वाटतो. पण त्याला इतिहास आहे.

२/ लोहितची अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवली आणि रेड हॅटने ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली केली. जीपीएलची अट अशी : वापरा, बदला, वाटा, मात्र त्यावर बेतलेली साधित कृती वाटताना तिलाही हाच परवाना द्या.

३/ ही अट मुळात संगणकीय आज्ञावलींसाठी होती. फॉन्ट तर पीडीएफच्या पोटात जाऊन बसतो. परवान्यात वेगळी सूट नसेल, तर ती पीडीएफही साधित कृती ठरेल काय?

४/ सप्टेंबर २०११ मध्ये लोहित ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आला. हा परवाना स्पष्ट सांगतो : फॉन्टची सुधारित आवृत्ती याच परवान्याखाली राहील, त्यातून सिद्ध झालेल्या दस्तऐवजाला मात्र ही अट नाही.

५/ असा बदल कोणीही करू शकत नाही. तो अधिकार प्रताधिकारधारकाचाच. मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. अक्षरे सर्वांना खुली राहिली आणि अर्ज अर्जदाराचाच राहिला.