पिनकोड, अप्पा आणि सप्तापूरचा नेटवर्किंगचा क्लास

मंडळी, जुन्या धारवाडच्या आठवणी म्हटलं की गाडी कर्नाटक कॉलेज, पेढा आणि जीएंवर येऊन थांबते. आज जरा वेगळी आठवण.

भारतात संगणकांचं जाळं १९८६ साली अर्नेट प्रकल्पानं सुरू झालं, पण ते आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीसारख्या संस्थांपुरतंच. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी मोठ्या शहरांत. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो ते १९९९ साल. धाकटीचं लग्न व्हायचं होतं, अप्पांची नोकरी जेमतेम वर्षभर उरली होती. तरी त्यांनी जीपीएफमधून पैसे काढले आणि मला सप्तापुरातल्या नेटवर्किंगच्या क्लासला घातलं.

दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर. सगळे एकाच जाड काळ्या केबलला जोडलेले. दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर. मधला एक जोड ढिला झाला की सहाही मशीन गप्प! सर कन्नडमधून शिकवायचे, पुस्तक इंग्रजी, माझ्या नोट्स मराठीत. आयपी अ‍ॅड्रेस आणि सबनेट मास्क काही केल्या डोक्यात शिरेना.

अप्पा हुबळीला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपालात, सॉर्टर होते. एका रात्री वही बघून म्हणाले, "अरे, हा तर पिनकोडच की!"

मग त्यांनी समजावलं. ५८०००१ मधला ५ म्हणजे विभाग, पहिले तीन आकडे म्हणजे सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. "नागपूरच्या पत्रावरचा घर नंबर आम्ही हुबळीत वाचत नाही. योग्य थैलीत टाकतो, पुढचं पुढचा बघतो." राउटर नेमकं हेच करतो. आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क सांगतो, की पत्त्याचे पहिले तीन भाग म्हणजे गल्ली आणि शेवटचा म्हणजे घर. गल्ली तीच असेल तर थेट द्या, नसेल तर गेटवेकडे, म्हणजे हेड पोस्टात.

फरक एवढाच, की इथे पत्राचे तुकडे होतात, प्रत्येकाला नंबर पडतो. पलीकडे पोचल्याची पावती आली नाही, तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा. अप्पा हसले, "म्हणजे रजिस्टर पोस्टाची पोच!"

पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी, याचा अप्पांना फार अभिमान. तो सुरू झाला तोही १५ ऑगस्टलाच, १९७२ साली.

पुढल्या वर्षी मला बंगळूरला नोकरी लागली, अप्पा निवृत्त झाले. निघताना ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या टपालानं आमच्या थैल्या रिकाम्या होणार तर." मला उत्तर सुचलं नाही. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, त्या दिवशी त्यांनी पेपर दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवून दिला.

आज सप्तापूर स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसनी भरलंय. नेटवर्किंग आता मुलं मोबाईलवर शिकतात. पण पत्ता, थैली आणि पोच या तीन गोष्टी कळल्या की त्यातलं निम्मं कळलं, हे मी माझ्या मुलीलाही असंच शिकवलं.

तुमच्याकडे कुणी टपालात, तारखात्यात, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतं का? त्यांचं काम कसं चालायचं, ते विचारून जरूर लिहा. ते सांगणारे आता थोडेच उरलेत.