अपघाताची भरपाई : न्याय आणि लबाडी

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात आसगाव नावाचे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील अशा धानपिकाच्या गावी एखाद्या घरचा कर्ता पुरुष मोटारीखाली सापडला, तर त्याच्या विधवेने दाद कोठे मागावी? या साध्या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळण्यास आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि ते मिळते न मिळते तोच लबाडांनी त्या उत्तराचाही धंदा मांडला. हा इतिहास सुशिक्षित वाचकांनी ध्यानी घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडच्या १८४६ च्या कायद्याचा कित्ता गिरवून १८५५ साली येथे प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. त्यान्वये मृताच्या वारसांस दावा लावता येई. परंतु दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याचे त्राण गरिबाच्या अंगी कोठून असणार? शिवाय दावा जिंकला, तरी प्रतिवादी निष्कांचन निघाल्यास हुकूमनामा म्हणजे कोरा कागदच! १९३९ च्या मोटार कायद्याने त्रयस्थांच्या नुकसानीसाठी विमा सक्तीचा केला. ते प्रकरण प्रत्यक्ष अंमलात आले १ जुलै १९४६ रोजी. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने संक्षिप्त चौकशी करणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला.

तथापि चालकाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे दावेदाराच्या माथी कायमच राहिले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून मालकावर जबाबदारी येत नाही, असाच निर्वाळा दिला. अखेर १९८२ साली, दोष कोणाचा हे न पाहता मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावेत, असे कलम आले.

त्या कलमाची कसोटी लागली ती महाराष्ट्रातच. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यात कवठे गावानजीक पेट्रोलची टाकीगाडी व मालमोटार यांची टक्कर होऊन टाकीगाडी रस्त्याकडेला कलंडली. सुमारे चार तासांनी तिचा स्फोट झाला आणि भोवती जमलेल्यांपैकी काहीजण भाजून मेले. न्यायाधिकरणाने लोक पेट्रोल पळवू पाहत होते असे मानून, स्फोटाचा टकरीशी संबंध नाही म्हणून एका विधवेचा अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क कायम केला. संशयाच्या एका शब्दाने पंधरा हजारांची रक्कमही चार वर्षे कशी अडून राहते, याचा हा दाखला होय.

परंतु संशय नेहमीच निराधार असतो, असेही नव्हे. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या जागी विमा उतरविलेले दुसरेच वाहन दाखविणे, साक्षीदार उभे करणे, एकाच अपघाताचे दोन ठिकाणी दावे लावणे, हे प्रकार घडत आले आहेत. उत्तर प्रदेशात ते इतके माजले की, २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तपासाच्या संथपणाबद्दल कानउघाडणी केली आणि अठ्ठावीस वकिलांचे निलंबन झाले. या लबाडीत विमेदाराचा पैसा जातो, हे खरे. पण तिचा खरा बळी प्रामाणिक दावेदार, कारण त्याची फिर्याद थोडी उशिरा नोंदली गेली, तरी तीही बनावट ठरू लागते. केवळ फिर्यादीच्या विलंबावरून दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयास २०११ साली बजावावे लागले, ते यासाठीच.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणास पहिला अहवाल द्यावा, असा नियम झाला. लबाडीवर हा उपाय आम्हांस रास्त वाटतो. ताजा पुरावा सरकारनेच गोळा केला, तर बनावट वाहनास शिरकाव राहत नाही आणि विधवेचा भारही हलका होतो. त्याच दिवसापासून मात्र दाव्यास सहा महिन्यांची मुदतही पुन्हा लागू झाली. १९९४ साली संसदेने काढून टाकलेली अटच ही! लबाडाच्या हाताशी वकील तयार असतो, तो मुदत चुकवीत नाही. चुकते ती खेड्यातील दुःखी कुटुंबाची. चोरास अडविण्यासाठी बांधलेल्या कुंपणात धन्याचेच पाऊल अडकू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.