नोंदवही आणि गाळणी : तालुक्याच्या गावातील प्रॉक्सीचा इतिहास

गिरणा नदीकाठचे भडगाव हे आज जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे, आणि १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा ते पूर्व खानदेशात राहिले. भुसावळ-मनमाड रेल्वेमार्ग पाचोरा आणि कजगाव येथून जातो, भडगावातून जात नाही. त्यामुळे या गावाचा बाहेरच्या जगाशी होणारा व्यवहार दीर्घकाळ कोणा ना कोणा मध्यस्थाच्या हातून होत आला. टपाल वाटणारा, तार लिहून घेणारा, ट्रंक कॉल जोडून देणारा, एसटीडी-पीसीओच्या काचेच्या खोलीबाहेर मीटर पाहत बसणारा आणि शेवटी सायबर कॅफे चालवणारा, अशी ही मध्यस्थांची परंपरा आहे. यांतील प्रत्येकाला, त्याची इच्छा असो वा नसो, कोण कोणाशी आणि केव्हा बोलते हे कळत असे. ज्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात तो संगणकीय मध्यस्थ याच परंपरेतला आहे. वाचकाचा ब्राउझर आणि दूरवरची वेबसाइट यांच्यामध्ये बसून, वाचकाची मागणी आपल्या नावाने पुढे पाठवणारा आणि आलेले उत्तर वाचकाला आणून देणारा प्रोग्राम म्हणजे प्रॉक्सी. तो येणाऱ्या मजकुरातून काही वगळू शकतो, म्हणजे गाळणीचे काम करू शकतो. आणि कोणी काय मागितले ते टिपून ठेवू शकतो, म्हणजे नोंदवहीचे कामही करू शकतो. खानदेशासारख्या प्रदेशात या यंत्राचा नोंदवही म्हणून उपयोग आधी झाला आणि गाळणी म्हणून नंतर, हा क्रम पुढच्या विवेचनात महत्त्वाचा आहे.

मध्यस्थाने किती पाहावे हा प्रश्न इंटरनेटच्या फार आधीचा आहे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, आणि स्वस्त असल्यामुळे ते खेडोपाडी पोहोचले, पण त्यावरचा मजकूर वाटेत कोणालाही वाचता येत असे. जिथे वाचणारेच कमी तिथे तर पत्र पोस्टमनकडून किंवा शाळामास्तरांकडून वाचून घेण्याचीच रीत होती. बंद पाकिटाला मात्र मान होता, आणि तो मोडण्याचा अधिकार सरकारने कायद्याने स्वतःकडे घेतला. १८८५ च्या तार कायद्याचे कलम ५ आणि १८९८ च्या टपाल कायद्याचे कलम २६ यांनी आणीबाणीच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याची मुभा दिली. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून हा अधिकार आणखी वाढवू पाहिला, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्या विधेयकाला संमती दिली नाही, आणि ते अमलात आले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना टेलिफोनवरचे बोलणे हा खाजगीपणाचाच भाग असल्याचे मान्य केले आणि फोन ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधने घातली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागून तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते.

प्रॉक्सीचा जन्म मात्र गोपनीयतेसाठी झाला नव्हता. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुभौतिकी संस्थेत आरी लुओतोनेन यांनी केव्हिन आल्टिस यांच्यासह वेब-प्रॉक्सीची रचना मांडली आणि मे १९९४ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत त्यावर निबंध सादर झाला. हेतू दोन होते : संस्थेच्या संरक्षक भिंतीआडच्या संगणकांना बाहेरचे वेब दाखवणे, आणि एकदा आणलेले पान साठवून ठेवून पुढच्या मागणीला तेच देणे. या साठवणीला ‘कॅश’ म्हणतात. पुढे १९९६ मध्ये सुरू झालेला ‘स्क्विड’ हा मुक्त प्रोग्राम याच कामासाठी जगभर रुळला.

भारतात हा साठवणीचा गुण अधिकच मोलाचा ठरला, कारण इथे मुळात वाहिनीच अरुंद होती. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि देशातील प्रमुख शिक्षणसंस्था १९८६ पासून ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या उभारणीत होत्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत, आणि तेही आधी महानगरांत. तालुक्याच्या गावापर्यंत ते पोहोचले तेव्हा एक टेलिफोन लाइन, एक मोडेम आणि त्यावर तग धरणारे चारपाच संगणक अशी सायबर कॅफेची मांडणी असे. एका जोडणीवर अनेक संगणक चालवायचे तर मध्ये प्रॉक्सी हवाच, आणि त्यासाठी न्यूझीलंडमधील क्यूबिक कंपनीचा, १९९५ मध्ये आलेला ‘विनगेट’ यासारखे प्रोग्राम वापरले जात. नंतर १९९९ च्या विंडोज ९८ दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटून देण्याची सोय आयतीच मिळाली. अशा प्रोग्रामचे दार बाहेरून उघडे राहिले तर अनोळखी माणसेही त्याच्या आडून वावरू शकत, आणि त्या काळी जगभरातील उघडे विनगेट नको असलेल्या मेलचा मारा करणाऱ्यांच्या कामी आले. काटकसरीसाठी बसवलेल्या या मध्यस्थातून कॅफेतील प्रत्येक मागणी जात असल्यामुळे नोंदवहीही आपोआप तयार होऊ लागली. ती वाचण्याची गरज बहुतेक मालकांना कधी वाटलीही नसेल.

ती गरज न्यायालयीन आणि प्रशासकीय पातळीवर निर्माण झाली. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीनांना इंटरनेटवरील अश्लील मजकुरापासून कसे वाचवावे हे सुचवण्यासाठी समिती नेमली, आणि २००२ च्या आरंभी आलेल्या तिच्या अहवालात सायबर कॅफेत ओळखपत्र पाहावे, मुलांना उघड्यावरच्या संगणकांवर बसवावे आणि त्या संगणकांवर गाळणीचे सॉफ्टवेअर असावे, अशा शिफारशी होत्या. महाराष्ट्रात वेबच्या गाळणीची सार्वजनिक चर्चा झाली ती अशी, राखणदाराच्या रूपात. वाचकावर पाळत ठेवणाऱ्याला गाळून टाकणे हा तिचा दुसरा उपयोग त्या चर्चेत आला नाही. मुलांची काळजी खोटी नव्हती, आणि समितीने तिला दिलेले वजन योग्यच होते. पण गाळणी आणि पाळत एकाच शिफारशीत शेजारी बसल्या, आणि पुढच्या दशकात पाळतीचे पारडे जड होत गेले.

११ एप्रिल २०११ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली सायबर कॅफेंसाठी मार्गदर्शक नियम अधिसूचित केले. प्रत्येक ग्राहकाची ओळख पटवून तिची नोंद किमान एक वर्ष जपावी, नोंदवहीचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवावा, खोलीतील आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नसावा, आणि पाहिलेल्या वेबसाइटींचा इतिहास तसेच कॅफेत बसवलेल्या प्रॉक्सी सर्व्हरचे लॉग एक वर्ष सांभाळावेत, असे ते नियम सांगतात. ‘लॉग’ म्हणजे यंत्राने आपोआप लिहिलेली नोंद : कोणत्या संगणकाने, किती वाजता, कोणता पत्ता मागितला. जत्रेला निघालेल्या माणसाच्या नावापुढे त्याने थांबलेल्या प्रत्येक दुकानाची नोंद ठेवावी तसा हा प्रकार होता, आणि ती वही सांभाळायची होती गावातल्याच एका दुकानदाराने, ज्याला गिऱ्हाईक, त्याचे वडील आणि त्याचे घर हे सारे ठाऊक असे. मोठ्या शहरात अनोळखीपणाचे थोडे संरक्षण असते. भडगाव, पाचोरा, पारोळा अशा गावांत तेही नसते. एखाद्या तरुणीने आजाराविषयी, कायद्याविषयी किंवा आंतरजातीय विवाहाच्या नोंदणीविषयी काही शोधले, तर त्याची वही ओळखीच्याच माणसाकडे राहणार, हा धोका त्या नियमांनी जमेस धरला नाही. विशेष म्हणजे त्याच दिवशी, त्याच कायद्याखाली, संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियमही अधिसूचित झाले होते. संरक्षण आणि संग्रह यांचा असा एका दिवशी झालेला जन्म दुर्दैवीच म्हणावा लागेल.

हे सारे होण्याच्या आधीपासूनच अमेरिकेत आणि युरोपात प्रॉक्सीचा दुसरा, वाचकाच्या बाजूचा इतिहास घडत होता. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंतुली यांनी ‘कुकी’ योजली. वेबसाइटने वाचकाच्या संगणकावर ठेवलेली ही लहानशी खूण, पुढच्या भेटीत तो वाचक ओळखू येण्यासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या वेब-नियतकालिकावर आडव्या पट्टीच्या जाहिराती दिसू लागल्या. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर असे झाले की, शेकडो वेबसाइटींवर जाहिरात पुरवणारी एकच कंपनी आपल्या कुकीद्वारे तोच वाचक सगळीकडे ओळखू लागली, आणि एका वाचकाच्या दिवसभराच्या फेरफटक्याचा नकाशा तिच्या हाती आला. डेव्हिड क्रिस्टल आणि मोंतुली यांनी लिहिलेल्या फेब्रुवारी १९९७ च्या मानकात अशा त्रयस्थ कुकी मुळातच बंद ठेवाव्यात अशी भूमिका घेतली होती. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती पाळली नाही. जाहिरातदारांचा फायदा आणि वाचकाचे हित यांत निवड करायची होती, आणि ती वाचकाविरुद्ध झाली.

तेव्हा काही प्रोग्रॅमरांनी प्रॉक्सीच उलट्या बाजूने वापरला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंटरनेट जंकबस्टर’ हा मुक्त परवान्याचा प्रोग्राम आला आणि त्याच्या पायावर २००१ पासून ‘प्रिव्हॉक्सी’ उभा राहिला. प्रिव्हॉक्सी सहसा दूरच्या सर्व्हरवर बसत नाही. तो वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर चालतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता म्हणून १२७.०.०.१, म्हणजे त्या संगणकाचा स्वतःचाच पत्ता, आणि पोर्ट म्हणून ८११८ भरले की ब्राउझरची मागणी आधी या घरच्या मध्यस्थाकडे येते. मग साध्या मजकूर-फाइलींत लिहिलेल्या नियमांप्रमाणे तो जाहिरातींच्या पत्त्यांकडे जाणारी मागणी तिथेच थांबवतो, कुकी खोडतो, वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणारी ओळ बदलतो किंवा काढून टाकतो, आणि पानात दडवलेली एका ठिपक्याएवढी अदृश्य चित्रे, जी केवळ भेट मोजण्यासाठी ठेवलेली असतात, तीही वगळतो. नियमांची एक फाइल खास वापरणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली असते. एखादी वेबसाइट गाळणीमुळे बिघडली तर तिच्यापुरती सूट तिथे लिहिता येते. लॉग ठेवायचा की नाही हेही त्याच संगणकाचा मालक ठरवतो. कॅफेतील प्रॉक्सी आणि हा प्रॉक्सी यांच्या यंत्रणेत तत्त्वतः काहीच फरक नाही. फरक आहे तो नियम लिहिणाऱ्या हाताचा.

या गाळणीला मर्यादा आली ती एका चांगल्या सुधारणेमुळे. २०१० नंतरच्या दशकात बहुतेक वेबसाइटी ‘एचटीटीपीएस’कडे, म्हणजे ब्राउझरपासून वेबसाइटपर्यंत मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या पद्धतीकडे वळल्या, आणि मधल्या कोणालाही, घरच्या प्रॉक्सीलाही, केवळ वेबसाइटचे नाव दिसू लागले. हे कुलूप किती गरजेचे होते ते २०१५ मध्ये दिसले : बंगळूरच्या एका प्रोग्रॅमरने दाखवून दिले की एका मोठ्या मोबाइल जाळ्यावरून जाणाऱ्या साध्या पानांत वाटेतच परका कोड घातला जात होता. प्रिव्हॉक्सीच्या २०२० च्या आवृत्तीत कुलूप उघडून गाळण्याची सोय आली, पण त्यासाठी वापरणाऱ्याला स्वतःचे प्रमाणपत्र बनवून ब्राउझरला त्यावर विश्वास ठेवायला सांगावे लागते. असे प्रमाणपत्र चुकीच्या हाती गेले तर तोच मध्यस्थ सर्व काही वाचू शकतो. म्हणून ज्याला हे काम पुरते समजलेले नाही त्याने ती सोय वापरू नये, आणि दुसऱ्याने बसवून दिलेले प्रमाणपत्र तर मुळीच स्वीकारू नये.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, स्वस्त डेटा खिशात आला, आणि तालुक्याच्या गावांतील सायबर कॅफे पाहता पाहता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याची दुकाने झाली. नोंदवही मालकाच्या टेबलावरून उठून मोबाइल कंपन्या आणि जाहिरात कंपन्या यांच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्या पीठावर धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे शरद बोबडे हे मराठी न्यायमूर्तीही होते. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, आणि त्याच वर्षी तार आणि टपालाचे जुने कायदे मोडीत काढणारे नवे कायदेही संमत झाले, मात्र संदेश अडवण्याचा सरकारचा अधिकार त्यांतही कायम राहिला. गाळणीही बदलली : २०१४ पासूनचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ ब्राउझरच्या आतच बसते, आणि अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्येही चालते. ब्राउझरने कुलूप उघडल्यावरच पान तिच्या हाती येत असल्यामुळे प्रमाणपत्राचा धोका तिला पत्करावा लागत नाही. ‘पाय-होल’ हे सॉफ्टवेअर घरातल्या एखाद्या जुन्या संगणकावर चालून जाहिरातींच्या पत्त्यांचा खरा ठावठिकाणा सांगतच नाही, त्यामुळे घरातील सर्व फोनांना त्याचा लाभ होतो.

भडगाव तालुक्यातील ज्या ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत विद्यार्थ्यांसाठी संगणक ठेवलेले आहेत, त्यांच्या चालकांनी त्या संगणकांवर अशी गाळणी बसवावी, आणि कायद्याने मागितलेली नाही अशी कोणतीही नोंद वाचकाविषयी ठेवू नये. प्रिव्हॉक्सी, यूब्लॉक ओरिजिन आणि पाय-होल ही तिन्ही विनामूल्य आहेत, आणि त्यांचे नियम कोणालाही उघडून वाचता येतात.