घरगुती वातानुकूलकाची क्षमता

घरातील एखाद्या खोलीचे तापमान व आर्द्रता इष्ट मर्यादेत राखण्यासाठी वातानुकूलकाने दर तासाला किती उष्णता बाहेर टाकली पाहिजे, हे दर्शविणाऱ्या परिमाणास त्याची ‘शीतनक्षमता’ म्हणतात. व्यवहारात ती टनांत सांगितली जाते. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. परंतु तसा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. योग्य क्षमतेची निवड ही वस्तुतः खोलीच्या क्षेत्रफळाची बाब नसून तीत शिरणाऱ्या उष्णतेच्या हिशोबाची बाब आहे. हा हिशोब शंभर वर्षांहून अधिक काळ ज्ञात असूनही घरगुती व्यवहारात तो क्वचितच केला गेला. त्याचा इतिहास आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष यांचा विचार येथे केला असून नाशिक शहरातील इंदिरानगर या वसाहतीच्या परिस्थितीचा आधार उदाहरणादाखल घेतला आहे.

एककाचा उगम : टन या एककाचा उगम बर्फाच्या व्यापारात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तलावांवरचा बर्फ कापून तो उष्ण देशांत पाठविण्यास प्रारंभ केला. १८३३ मध्ये त्याचे जहाज कलकत्त्यास पोहोचले. पुढे मुंबई व मद्रास या बंदरांतही अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि तो साठविण्यासाठी जाड भिंतींची बर्फघरे बांधण्यात आली. फ्लॉरिडातील जॉन गॉरी या वैद्याने १८५१ मध्ये बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. त्यानंतरच्या काही दशकांत यांत्रिक प्रशीतन व्यवहार्य झाले व समुद्रमार्गे येणारा बर्फ मागे पडला. तथापि यंत्र विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बर्फाचीच भाषा समजत होती. हे यंत्र दिवसाला किती टन बर्फाचे काम करील, असा त्याचा प्रश्न असे. त्यामुळे २,००० पौंडांचा (सु. ९०७ किग्रॅ.) एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या क्षमतेस ‘एक टन प्रशीतन’ म्हणण्याची प्रथा पडली व विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील प्रशीतन अभियंत्यांनी ती प्रमाण मानली. एक पौंड बर्फ वितळण्यास १४४ ब्रिटिश औष्णिक एकके लागतात. त्यावरून एक टन म्हणजे तासाला १२,००० ब्रिटिश औष्णिक एकके, अर्थात सु. ३·५२ किलोवॉट होतात.

वातानुकूलनाचे शास्त्र मात्र बर्फाच्या नव्हे, तर कागदाच्या अडचणीतून जन्मले. १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेतील दमटपणामुळे कागद आकुंचन-प्रसरण पावे आणि एकावर एक छापले जाणारे रंग जुळत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील बाष्प काढून टाकण्याची योजना आखली. (ज्या नाशिक रोडला १९२५ पासून सरकारी प्रतिभूती मुद्रणालय आहे, तेथील मुद्रकांना कागदाचा हा स्वभाव निराळा सांगावयास नको.) तापमान, आर्द्रता व हवेतील एकूण उष्णता यांचे संबंध सांगणारी त्याची सूत्रे १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. शीतनभारात दोन भाग असतात : हवेचे तापमान उतरविण्यासाठी काढावयाची संवेद्य उष्णता आणि बाष्पाचे पाणी करण्यासाठी काढावयाची सुप्त उष्णता. ही विभागणी तेव्हापासून रूढ आहे. घरगुती यंत्राच्या निवडीत नेमका हाच दुसरा भाग नेहमी विसरला जातो.

महाराष्ट्रातील प्रसार : मुंबईत वातानुकूलन प्रथम सार्वजनिक करमणुकीच्या जागी आले. कुलाब्याचे रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये वातानुकूलित सोयीसह सुरू झाले. मुंबई–पेशावर मार्गावरील फ्रंटिअर मेलला १९३४ मध्ये जोडलेल्या थंड डब्यांत मात्र डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा सोडली जात असे. म्हणजे टन हे एकक येथे अक्षरशः खरे होते. मोहन अडवाणी यांनी १९४३ मध्ये ब्ल्यू स्टार ही संस्था मुंबईत सुरू केली आणि १९५४ मध्ये टाटा सन्स व फोलकार्ट ब्रदर्स यांच्या सहकार्यातून व्होल्टास निघाली. त्यानंतर कचेऱ्या, रुग्णालये, प्रयोगशाळा व थोडी श्रीमंत घरे येथपर्यंत खिडकीतील वातानुकूलक पोहोचला. शासनाने त्यास दीर्घकाळ चैनीची वस्तू मानून जबर कर लावले. त्यामुळे सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ही आयुष्यात एकदाच करावयाची खरेदी ठरली आणि अशा खरेदीत ‘थोडे मोठेच घ्यावे’ ही वृत्ती स्वाभाविकपणे बळावली. विक्रेत्यासही ते सोयीचे होते, कारण यंत्र लहान पडले तर तक्रार येते. मोठे झाले तर येत नाही, फक्त विजेचे देयक वाढते. शंभर चौरस फुटांस एक टन हा ठोकताळा अशा रीतीने रूढ झाला आणि ‘दीड टनी’ हा शब्द बाजारात जणू वातानुकूलकाचाच पर्याय बनला.

नाशिकचे हवामान व घरे : नाशिकला थंड हवेचे गाव म्हणून लौकिक होता. देवळालीस हवापालटासाठी येणाऱ्यांची आरोग्यभवने होती. शहर समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास जात असले, तरी हवा कोरडी असते आणि सूर्यास्तानंतर ती झपाट्याने उतरते. जुन्या नाशिकमधील वाड्यांची रचना या हवामानास धरून होती. जाड भिंती, मधला चौक, लहान झरोके, माडीवर मातीचे धाबे आणि उन्हाळ्यात दारावर पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे यांमुळे दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असे आणि रात्री माणसे गच्चीवर किंवा अंगणात झोपत. वाळ्याच्या पडद्याचे तत्त्वच पुढे पाण्याच्या कूलरमध्ये आले. ४०° से. तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना चांगला कूलर २६° ते २७° से.ची हवा देऊ शकतो. नाशिकच्या उन्हाळ्यात हे साधन पुष्कळ घरांना पुरेसे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. पावसाळ्यात मात्र ते निरुपयोगी ठरते.

इंदिरानगर ही मुंबई–आग्रा महामार्गाच्या दक्षिणेस, वडाळा–पाथर्डी रस्त्याच्या परिसरात शेतजमिनींवर वाढलेली निवासी वसाहत आहे. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती आणि सिडकोने वसविलेले नवीन नाशिक यांच्या वाढीबरोबर ती भरत गेली. प्रथम बंगले व रांगेतील घरे आणि नंतर बहुमजली इमारती असा तिचा क्रम आहे. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचे असून भिंती वाड्यांच्या मानाने पातळ व काचा मोठ्या आहेत. नाशिक २०° उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यांपैकी जुलैत आकाश ढगाळ असते. त्यामुळे मेमध्ये सर्वांत जास्त ऊन घेणारा पृष्ठभाग म्हणजे भिंत नव्हे, तर गच्ची होय. दुपारनंतर पश्चिमेची खिडकी तिची जागा घेते.

शीतनभाराचे उदाहरण : इंदिरानगरातील एखाद्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर सु. १५० चौ. फुटांची (१४ चौ. मी.) पश्चिमाभिमुख शयनखोली आहे, असे समजू. मे महिन्यातील कडक दुपारी तीत शिरणारी उष्णता ढोबळमानाने अशी मांडता येईल : उष्णतारोधक थर नसलेल्या छतातून ६३० वॉट, पश्चिमेच्या भिंतीतून २५०, सावली नसलेल्या दोन चौ. मी. काचेतून १,१००, शेजारच्या तापलेल्या खोल्यांतून ३००, फटींतून येणाऱ्या हवेमुळे १८०, दोन माणसांच्या अंगची २३० आणि दिवे, पंखा व दूरचित्रवाणी संच यांची २००. एकूण सु. २,९०० वॉट, म्हणजे ०·८ टनाहून किंचित जास्त. आता हीच खोली मधल्या मजल्यावर असून तिच्या खिडकीवर बाहेरून सावली असेल, तर छताचा भार जातो, काचेचा सु. ३०० वॉटपर्यंत उतरतो आणि एकूण भार १,५०० वॉटच्या आत येतो. क्षेत्रफळ तेच, भार निम्मा. ठोकताळा मात्र दोन्ही खोल्यांना दीड टन, म्हणजे ५,३०० वॉटचे यंत्र सुचवितो.

या आकडेमोडीत काही भर घालावी लागते. यंत्राची नोंदविलेली क्षमता बाहेरचे तापमान ३५° से. असताना मोजलेली असते, ४०° से.वर ती काहीशी घटते. नाशिकच्या उंचीवर हवा विरळ असल्याने पंख्यातून जाणारे हवेचे वस्तुमानही थोडे कमी भरते. दिवसभर तापलेल्या भिंती व सामान प्रथम थंड करावे लागते. यासाठी पाव ते एक-तृतीयांश वाढ धरली, तरी पहिल्या खोलीस सु. एक टन पुरतो आणि दुसरीस पाऊण टन. दीड टनाची गरज सिद्ध करावयाची तर खोलीत पाच-सहा माणसे किंवा स्वयंपाकाची शेगडी आणून बसवावी लागेल. दिवाणखान्यास जोडूनच स्वयंपाकघर असेल, तेव्हा मात्र तसे खरोखर घडते.

मोठ्या यंत्राचे दोष पावसाळ्यात उघड होतात. जुलैत बाहेरचे तापमान २८° से.च्या आसपास, परंतु हवा ओलसर असते. संवेद्य भार अत्यल्प असल्याने स्थिर गतीचा मोठा संपीडक काही मिनिटांतच खोली गार करून थांबतो. तेवढ्या वेळात बाष्प पुरेसे निघत नाही आणि जे नळ्यांवर जमलेले असते तेही चालू पंख्याच्या हवेत पुन्हा मिसळते. खोली गार पण दमट राहते. कपाटांना बुरशी धरते आणि घरचे लोक तापमान आणखी खाली नेतात. संपीडकाच्या वारंवार चालू-बंद होण्याने वीज व यंत्राचे आयुष्य या दोहोंची हानी होते. उलट लहान पडलेले यंत्र मेच्या दुपारी अखंड चालूनही इष्ट तापमान गाठीत नाही. संपीडकाची गती भारानुसार बदलणारी ‘इन्व्हर्टर’ यंत्रे १९८० च्या सुमारास प्रथम जपानमध्ये आली. त्यांनी हा दोष सौम्य केला आहे, नाहीसा केलेला नाही. कारण गती कमी करण्यासही खालची मर्यादा असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये सुरू केलेली आणि खोलीतील वातानुकूलकांना २०१० पासून सक्तीची केलेली ताऱ्यांची खूण यंत्राची कार्यक्षमता सांगते. ते त्या खोलीस योग्य आहे की नाही, हे ती सांगत नाही. याच खुणेवर क्षमता वॉटमध्ये छापलेली असते आणि ती वाचण्याची सवय ग्राहकांना अद्याप लागलेली दिसत नाही.

नाशिक जिल्ह्यातच या हिशोबाची दुसरी, अधिक काटेकोर परंपरा आहे, हे लक्षणीय आहे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्स या सहकारी भागीदारी संस्थेच्या काळापासून द्राक्षांच्या निर्यातीसाठी पूर्वशीतनगृहे उभी राहिली. तोडलेल्या घडांतील ‘शेतातील उष्णता’ किती, खोकी किती, ती किती तासांत काढावयाची आणि दार किती वेळा उघडणार, यांवरून तेथे यंत्राची क्षमता ठरते. खोलीच्या चौरस फुटांवरून शीतगृह घेणारा बागाईतदार आढळणार नाही. तोच घरासाठी वातानुकूलक घेताना मात्र चौरस फूट सांगतो.

गृहबांधणीच्या बाजूने या प्रश्नास हात घालणारी ‘इको निवास संहिता’ केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. भिंती व खिडक्यांतून सरासरीने आत येणारी उष्णता चौ. मी.ला १५ वॉटपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा तीत आहे आणि छतासाठी स्वतंत्र निकष आहे. इंदिरानगरातील बहुतेक इमारती त्यापूर्वीच्या आहेत. त्यांच्या बाबतीत गच्चीचा विचार प्रथम करावा लागतो. काँक्रीटचा तक्ता दुपारी घेतलेली उष्णता पाच-सहा तासांनी खाली सोडतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील शयनखोलीत छताचा जाच दुपारी तीनपेक्षा रात्री आठ-नऊला अधिक जाणवतो, तेव्हा बाहेरची हवा गार झालेली असली तरी. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केल्यास किंवा चुन्याचा पांढरा लेप दिल्यास ऊन मोठ्या प्रमाणात परावर्तित होते. चुन्याचा लेप पावसात धुपत असल्याने तो दरवर्षी होळीच्या सुमारास, उन्हाळा लागण्यापूर्वी, पुन्हा द्यावा लागतो.